बेंबी बसवणारी

करमाडजवळच्या वाडीत कुणाचं पोट दुखलं, की दवाखान्याच्या आधी बानाबाईला बोलावणं जायचं. सरकलेली बेंबी जागेवर बसवणारी आसपासच्या गावांत ती एकटीच. ती दोऱ्यानं बेंबीपासून छातीच्या दोन्ही अंगांचं माप घ्यायची. माप कमीजास्त भरलं, की बेंबी सरकली. मग उपाशीपोटी एरंडेल लावून पोट रगडायचं, बेंबीवर पेटती पणती ठेवायची अन् वर तांब्या पालथा घालायचा. तांब्या पोटाला घट्ट धरून बसायचा. तो आपसूक सुटला, की माणूस मोकळा झाला. चाळीस वर्षं तिनं हेच केलं होतं आणि बहुतेक माणसं उठून कामालाही लागली होती.

म्हणून तिचा नवरा मल्हारराव मेंढरांमागून कमरेत वाकून घरी आला, तेव्हा तिनं दोराच काढला. दुखत होतं डाव्या अंगाला, बेंबीच्या खाली. अंगही कोमट लागत होतं. शेंद्र्याच्या कंपनीत कामाला असलेला लेक कडूबा फोनवर म्हणाला, "माय, दवाखान्यात ने त्यांला."

"बेंबीला डॉक्टर काय करतो? तीन दिवस दे मला."

तिसऱ्या सकाळी तिनं तळहाताचा सगळा भार देऊन पोट दाबलं. मल्हारराव ओरडला. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण त्याचं असं ओरडणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग तो घामानं निथळत पडून राहिला आणि हळूच म्हणाला, "थांबलं गं. मोकळं वाटतंय." त्यानं चहासुद्धा मागितला. बानाबाईनं कुडापलीकडच्या आवडाबाईला हाक मारून सांगितलं, "बसली गं एकदाची!"

दिवस कलायच्या आत त्याला हुडहुडी भरली. पोट टम्म फुगलं. दुसऱ्या दिवशी कडूबा जीप घेऊन आला आणि त्यांना शहरातल्या घाटीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. वाटेत मल्हाररावानं बायकोचं मनगट धरलं.

"कालचं कुणाला बोलू नको. पोरगा तुला जन्मभर बोल लावंल."

जीप हादरली, की तो डोळे मिटायचा.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईनं आधी लघवी तपासायला लावली, मुतखडा आहे का बघायला. तो नव्हता. रक्त तपासलं, त्यात पू झाल्याची खूण दिसली. मग पोटाचा सीटी स्कॅन काढला. दुपारी ती फोटो घेऊन खाटेपाशी आली. कडूबाही आईशेजारी उभा होता.

"अपेंडिक्स उजवीकडं असतं. आजोबांचं दुखणं डावीकडं आहे. वय झालं, की मोठ्या आतड्याला बाहेरून बारीक फुगे येतात, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतात तसे. त्यातला एक पिकलाय. थोडी हवाही बाहेर दिसतेय, म्हणजे कुठंतरी चीर पडलीय. आजोबा, मध्ये एकदम जोरात कळ येऊन मग बरं वाटलं, असं झालं का?"

"नाय," मल्हारराव म्हणाला. "बारीक बारीक दुखत व्हतं. आज पहाटं वाढलं."

"आजच झालं असेल, तर चीर कधीकधी आपोआप बुजते. तोंडानं पाणीसुद्धा द्यायचं नाही. सलाईन, अँटिबायोटिक, आणि उद्या सकाळपर्यंत वाट बघू."

कडूबानं सुस्कारा सोडला. "मंजी कापायचं नाय?"

"सध्या तरी नाही."

बानाबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. ओठ वाळून पांढरे पडले होते. पण तो तिच्याकडंच बघत होता आणि मान हलवत होता, नको, नको. तिनं खाटेची दांडी धरली.

"बाई, ते खोटं सांगत्यात."

"गप बैस," मल्हारराव म्हणाला.

"काल सकाळी झालं. मी पोट रगडलं. हे ओरडले अन् मग म्हनले, थांबलं. मला वाटलं, बेंबी बसली."

डॉक्टरीणबाईनं फोटो बाजूला ठेवला. पुन्हा पोटावर हात ठेवून हळू दाबला आणि एकदम सोडला. मल्हाररावाचं अंग आखडलं. ती रागावली नाही. त्याचंच बानाबाईला जास्त लागलं. डॉक्टरीणबाईनं मोठ्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं आणि म्हणाली, "मग उद्यापर्यंत थांबता येत नाही. घाण पोटात पसरून दीड दिवस होत आलाय. आजच उघडावं लागेल."

कडूबा आईकडं वळला. "तीन दिवस मागितले व्हते ना तू? घे, दिले." तो सहीचे कागद आणायला निघून गेला.

ऑपरेशन चार तास चाललं. आतड्याचा सडका तुकडा काढला आणि उरलेल्या आतड्याचं वरचं तोंड पोटावर डाव्या अंगाला बाहेर काढून ठेवलं. आता विष्ठा तिथनंच पिशवीत येणार होती. अंगानं साथ दिली, तर काही महिन्यांनी आतडं परत जोडू, असं डॉक्टर म्हणाले. मल्हाररावाचं वय अडुसष्ट, त्यात मूत्रपिंडंही थकलेली. नक्की जोडू, असं कुणी म्हणालं नाही.

पाचव्या दिवशी ताप होताच. नर्सनं बानाबाईला पिशवी बदलायला शिकवायला घेतलं. कोमट पाण्याचा कापूस तिच्या हातात दिला. "घरी हे तुम्हालाच करायचंय, आजी. या तोंडाभोवती हळू पुसा."

कडूबा खिडकीपाशी पाठ करून उभा होता. त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. बानाबाईनं कापूस पुढं नेला आणि हात मध्येच अडला. लालभडक, ओलं आतडं तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होतं. आजवर किती पोटं या हातांखालून गेली, आणि त्यांतली किती पुढं कुठल्या दवाखान्यात पोचली, हे तिला ठाऊक नव्हतं. जी माणसं परत आली नाहीत, ती बरी झाली, असंच ती धरून चालली होती.

"लाव हात," मल्हारराव डोळे न उघडता म्हणाला. "आता आणखी काय फुटायचं राह्यलंय?"

नर्स हसली, तिला गंमत वाटली. बानाबाईनं पुसायला सुरुवात केली, इतकं हळू, की नर्सला म्हणावं लागलं, "जरा दाबून पुसा आजी, असं नाही निघायचं."