राजेंची गाडी धुताना

पोलिसांच्या आवारातून भाच्याची मोटरसायकल टेम्पोत घालून आणली, तेव्हा ताई आतल्या खोलीत झोपली होती. डॉक्टरांनी दिलेली गोळी तिला कशीबशी घ्यायला लावली होती. मी आणि भाऊजींनी गाडी अंगणात घेतली, गेटला आतून कुलूप घातलं आणि चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. भाचा घरी आला की ते कुलूप ताईच उघडायची, दुसऱ्या कुणाला उठू द्यायची नाही. "आई आहेस की वॉचमन?" असं मी तिला कितीदा चिडवलं होतं.

गाडीचं पुढचं चाक वाकलं होतं, एक आरसा गेला होता. बाकी ठणठणीत. मला त्या गाडीचा संतापच आला. पोरगं गेलं आणि हिच्या टाकीला साधा पोचा नाही! चिखल मात्र सगळीकडे होता. आणि टाकीच्या कडेला, सीटच्या शिवणीत, इंजिनाच्या पात्यांमध्ये जे वाळलं होतं, तो चिखल नव्हता.

"ती उठायच्या आत हे धुऊन काढू," भाऊजी म्हणाले. "तुझ्या ताईला हे असं दिसता कामा नये."

मी बादली भरली, फडकं पिळून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते टाकीपर्यंत नेलं आणि हात तिथेच थांबला.

"हाताने नको रे. माझ्याच्याने हात लावून होणार नाही."

माझ्याच्याने तरी कुठे होणार होतं? तेव्हा मला पंप आठवला. भाच्याने हौसेने घेतलेला, पिशवीत मावेल एवढा, गाडी धुवायचा प्रेशर पंप. नळी बादलीत सोडायची, खटका दाबायचा, की जोरात धार. सुट्टी असली की साहेब अंगणात गाडी धूत बसायचे. मी म्हणायचो, "राजे, हिला घासता तेवढं स्वतःला घासलं असतंत तर एव्हाना लग्न जमलं असतं." यावर तो माझ्याच अंगावर धार मारायचा.

पंप जिन्याखाली सापडला. बटण दाबलं तर ढिम्म. त्याची बॅटरी पार उतरली होती आणि चार्जर होता ताईच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. ते कपाट उघडलं की शेजारीपाजारी जागे होतात.

"राहू दे मग," भाऊजी म्हणाले.

पण मी जन्मभर मोटारी दुरुस्त करत आलेला माणूस. बंद यंत्र समोर दिसलं की माझे हात शिवशिवतात. शिवाय हातांना काहीतरी काम मिळालं, याचंच मला बरं वाटत होतं. फरशीवर बसून पंप उघडला. आतली जाळी गाळाने बुजली होती, ती जुन्या टूथब्रशने मोकळी केली. नळीच्या जोडातली रबरी रिंग चिरली होती. तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. पंप बारा व्होल्टचा, गाडीची बॅटरीही बारा व्होल्टची, मग चार्जर हवाय कुणाला? गाडीच्या बाजूचं झाकण काढलं, लांब वायर जोडून चिमटे लावले, वरून प्लास्टिक बांधलं. पंप घुरघुरला आणि सुरू झाला.

"जमवलंस," भाऊजी म्हणाले. मला त्याही परिस्थितीत स्वतःचं कौतुक वाटलं.

धार मी धरली. वाळलेलं आधी काळं आणि मग तांबूस होऊन ओघळलं. अंगणाचा उतार गेटकडे होता, सगळं पाणी तिकडे निघालं. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. टाकी स्वच्छ झाली, सीट झाली. इंजिनापाशी आलो आणि धार लुळी पडली. गाडी इतके दिवस आवारात पडून होती, बॅटरी पुरून पुरून किती पुरणार?

"गाडी चालू केली तर बॅटरी भरत राहील," मी म्हणालो.

"ती उठेल."

"गोळी घेतलीय, भाऊजी. कानाशी ढोल बडवले तरी उठायची नाही."

त्यांनी गाडीची चावी फिरवली, मी किक मारली. पहिल्याच किकला गाडी निर्लज्जासारखी सुरू झाली. पण संथ इंजिनावर पंपाला जोर येईना. मी एका हाताने धार धरली आणि दुसऱ्या हाताने रेस दिली. पंपाने उचल खाल्ली आणि पुन्हा मान टाकली. म्हणून पुन्हा रेस दिली.

भाऊजी गर्रकन वळले. "अरे, रेस नको देऊस!"

तोवर माझ्याही लक्षात आलं होतं. राजे गेटबाहेर येऊन कधी हाक मारायचे नाहीत, हॉर्न वाजवायचे नाहीत. दोनदा रेस द्यायचे. बस्स, ताई हातातलं टाकून धावायची.

आतली कडी वाजली.

ताई बाहेर आली. अनवाणी, केस सुटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. खिळ्यावरची चावी तिने न बघताच काढली. "आले, आले. जरा म्हणून दम नाही या मुलाला," असं पुटपुटत ती चालू गाडीला वळसा घालून आमच्या मधून गेली. कुलूप काढलं, गेट सताड उघडलं आणि गाडीला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली.

रस्ता रिकामा होता.

भाऊजींनी गाडी बंद केली. ताईने रस्त्याच्या एका टोकाला पाहिलं, मग दुसऱ्या. मग वळून गाडीकडे. मग खाली. ते तांबूस पाणी तिच्या पावलांभोवती साचलं होतं. तिने एक पाय उचलला, पण तो ठेवायला आसपास कोरडी जागाच नव्हती. थोड्या वेळाने तिने तो पुन्हा पाण्यातच ठेवला.

ती गाडीपाशी आली, बादलीतलं फडकं काढून पिळलं आणि इंजिनासमोर बसली. पात्यांमध्ये बोट घालून म्हणाली, "इथलं राहिलंय की."

आणि ती हाताने पुसू लागली. आम्ही दोघं पुरुष तो पंप धरून नुसते उभे होतो. अंधार पडल्यावर मी गेट लावायला गेलो, तर तिने ते लावू दिलं नाही.