ओलांडणीचं मागणं

आमच्या भागात धाकटीचं लग्न थोरलीच्या आधी ठरलं, तर धाकटीने थोरलीची परवानगी मागायची असते. नुसती तोंडदेखली नाही. थोरली जे मागेल ते द्यायचं. याला आम्ही ओलांडणी म्हणतो. मागितलेलं दिलं नाही तर थोरलीचं लग्न कायमचं अडतं, असं जुनी माणसं सांगतात. मी नवऱ्या सजवते. उभा जन्म त्यातच गेला, त्यामुळे ओलांडणीत कुणी काय काय मागितलं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. शिवणयंत्र, बकरी, सोन्याची कुडी. एकीने पुढचे दोन दात बसवून मागितले होते आणि बसवून घेतलेही. पण निंग्रुमने मागितलं तसलं मागणं मी कधी ऐकलं नव्हतं.

निंग्रुम म्हणजे माझ्या शेजारच्या सुमीची थोरली. बाप गेला तेव्हा ही नुकती बारावी झाली होती. पुढचं शिकायचं डोक्यातून काढून टाकून लांब तांगेरांग शहरात बुटांच्या कारखान्यात लागली. तिच्या पगारावर घराला फरशी आली, मधली लैली शिकली, आणि आता शेंडेफळ बायू सोलो शहरात इंजिनिअर व्हायला गेलाय. सुमी चारचौघांत मिरवायची, ‘माझी निंग्रुम म्हणजे घराचा खांब!’ मी एकदा म्हटलं, ‘अगं, पण खांबाला घराबाहेर पडता येतं का कधी?’ तर बाई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

आणि निंग्रुमला तर बाहेरच पडायचं होतं. फार लांब नाही, ओढ्यापलीकडच्या वाडीत, हंदोकोच्या घरी. हंदोकोचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगा कामसू, थोडा मंद, पण मनाने सोनं. त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, लैलीचं शिक्षण होऊ दे. लैलीचं झालं तेव्हा म्हणाली, आता बायू आहे. ईदेला ती गावी आली की दोघं मशिदीमागच्या जांभळाखाली बोलत उभी राहायची, आणि मी तिथून जाताना मुद्दाम खोकत जायची. ती तिशीला आली. कारखान्यातली नोकरी सोडली तर दुसरी मिळणं कठीण, कारण आजकाल कुठल्याही जाहिरातीत वय पंचवीसच्या आत हवं असतं. नोकरी सोडता येत नाही आणि हंदोकोला सोडवत नाही, असं तिचं झालं होतं.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. पहिल्यांदा विचारल्यावर आम्ही कशालाच हो म्हणत नाही. जेवतेस का? नको, आत्ताच जेवले. अगं बस, घासभर तरी. नको गं. तिसऱ्यांदा विचारलं की मग पाट घ्यायचा. तीनदा विचारायचं ही यजमानाची रीत, दोनदा नाही म्हणायचं ही पाहुण्याची. यंदा लैलीचं लग्न ठरलं, तेव्हा सुमीने निंग्रुमला फोनवर विचारलं, ‘ओलांडणीत तुला काय हवं?’ ती म्हणाली, ‘काहीही चालेल, आई.’ झालं! सुमीला तेवढंच हवं होतं. तिने पुन्हा विचारलंच नाही. बाजारात जाऊन एक गुलाबी मोबाइल आणला, तोही निंग्रुमनेच लग्नासाठी पाठवलेल्या पैशांतून. म्हणजे थोरलीच्या पैशाने थोरलीलाच ओलांडायचं. सुमी माझी मैत्रीण आहे, पण खरं ते खरं.

लग्नाच्या सकाळी लैली न्हायला गेली होती. मी माझ्या डब्या मांडत होते. निंग्रुम खिडकीपाशी बसली होती. अंगणात गावातली पोरं खुर्च्या लावत होती. आमच्या लग्नात पाहुणे खुर्चीवर बसून राहतात आणि गावातली बिनलग्नाची पोरं एकेक पदार्थ हातोहात आणून देतात. त्या पोरांचा म्होरक्या हंदोको. पस्तिशीचा घोडा, अजून ट्रे उचलतोय.

“किती वाळलाय ना, मावशी,” निंग्रुम म्हणाली.

“तुझ्याच काळजीने. जा, बोल त्याच्याशी.”

“काय बोलू? रमझानमध्ये मी त्याला मेसेज केला, आता माझी वाट बघू नकोस म्हणून.”

“आणि तो काय म्हणाला?”

“बरं म्हणाला.”

“नुसतं बरं?”

“नुसतं बरं.” ती हसली, पण डोळे भरले होते. “मला वाटलं होतं, परत विचारेल.”

“गाढव आहे!”

“मावशी,” ती म्हणाली, “ओलांडणीत मागितलेलं खरंच द्यावं लागतं?”

“द्यावंच लागतं. नाही म्हणायची सोय नाही.”

ती खिडकीतून बघत राहिली. मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या हातून शेकडो नवऱ्या सजून गेल्या, पण या पोरीचं कपाळ रंगवायची मला जितकी आस होती तितकी कुणाच्या कपाळाची नव्हती.

आमच्याकडे नवरीच्या कपाळावर काढतात ती काळी नक्षी मी लैलीच्या कपाळावर काढून पुरी केली. मग बायका चटईवर गोल करून बसल्या. निंग्रुम मधे बसली. लैली गुडघ्यांवर सरकत आली, बहिणीच्या मांडीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, “ताई, मी तुझ्या पुढे जातेय. मला परवानगी दे. तुला काय हवं ते माग.”

सुमीने लगबगीने मोबाइलचं तबक पुढे केलं. निंग्रुमने ते हळूच बाजूला सरकवलं.

“मला मोबाइल नको, लैली. बायूचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे. आईचा महिन्याचा खर्च आहे. हे दोन्ही आजपासून तू घे. तू थोरली हो. मला जाऊ दे.”

बायकांच्या हातातले पंखे थांबले. सुमीच तेवढी पुटपुटली, “ही काय वेळ आहे का? लोक काय म्हणतील?”

“आई, लोकांना मी महिन्याला पैसे पाठवत नाही,” निंग्रुम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

लैलीचं तोंड उतरलं. ती मोबाइलच्या दुकानात गल्ल्यावर बसते, आणि होणारा नवरा आरिफ शाळेत हंगामी मास्तर. त्याला पगार म्हणजे नावाला पगार. “ताई,” ती म्हणाली, “माझ्याकडे एवढे नाहीयेत गं.”

“माझ्याकडेही नव्हते.”

मला वाटलं, आता रडारड होणार, माझी नक्षी वाहून जाणार आणि मांडवात लग्न लागायची वेळ टळणार. मी रुमाल घेऊन तयारच होते. लैली रडलीच. पण रडताना तिने बहिणीचे दोन्ही हात घट्ट धरले.

“घेते,” ती म्हणाली. “मला कधी सुचलंच नाही, ताई. तू पाठवत होतीस आणि मी घेत होते. मी आरिफला विचारून...”

“विचारू नकोस, सांग,” मी मधेच बोलले. माझं काही काम नव्हतं, पण राहवेना.

“सांगते. तू जा, ताई. मी घेतलं.”

निंग्रुमने तिला उठवलं. रीतीप्रमाणे काळ्या उसाचं एक टोक तिने धरलं, दुसरं लैलीने, आणि थोरलीने धाकटीला हाताला धरून उंबऱ्याबाहेर नेलं. दोघींकडे बघून कळत नव्हतं की लग्न कुणाचं आहे. निंग्रुमचा चेहरा असा फुलला होता की माझी पावडर फुकट गेली असं वाटलं.

लग्न लागलं. पाहुणे बसले. चहा झाला, आणि सूप निघालं तशी निंग्रुम मागच्या अंगणात गेली. मीही गेले. खोटं कशाला बोलू, ऐकायलाच गेले. हंदोको दोन्ही हातांत सुपाच्या वाट्यांचा ट्रे घेऊन उभा होता.

“हंदोको, मी मोकळी झाले.”

“म्हणजे?”

“लैलीने सगळं घेतलं. आता घराचं माझ्यावर काही नाही. तू म्हणशील तेव्हा.”

त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याने ट्रे खाली ठेवायला जागा शोधली, ती सापडेना, तो तसाच उभा राहिला.

“मी पुढच्या महिन्यात तैवानला चाललोय,” तो म्हणाला. “कारखान्यात. सही झाली. बाबांनी दोन्ही गायी विकल्या. शाळेचं मूळ सर्टिफिकेट एजंटकडे अडकलंय, आता माघार नाही.”

“कधी केलीस सही?”

“तुझा मेसेज आल्यावर. तू म्हणालीस ना, वाट बघू नकोस.”

“आणि तू ऐकलंस?”

“ऐकलं.”

“इतकी वर्षं माझं एक ऐकलं नाहीस! थांबू नको म्हटलं तरी थांबलास, भांडलास, दाराशी येऊन बसलास. आणि हेच बरं ऐकलंस?”

“दमलो होतो गं,” तो म्हणाला. “माझ्यासारखी छप्पन्न दुकानं झाली आता रस्त्यावर. नुसत्या पंक्चरांवर तुला काय खायला घालणार होतो?”

आतून कुणीतरी ओरडलं, “सूप कुठं अडलंय रे?” तो हलला नाही. सूप निवत होतं.

“किती वर्षं?” तिने विचारलं.

“तीन. मधे येता येत नाही.”

ती ओट्यावर बसली. मला वाटलं, आता ही मोडली. मलाच रडू फुटत होतं. त्या दोघांच्या या गतीची लाज कुणाला वाटावी, सरकारला, एजंटला, सुमीला की आम्हा सगळ्यांना, ते मला कळत नव्हतं. वाट मोकळी झाली तर चालणाराच दुसरीकडे निघाला.

मग तिने त्याच्या हातातला ट्रे घेतला. “चल,” ती म्हणाली, “पाहुणे खोळंबलेत.” आणि खुर्च्यांच्या रांगांतून दोघं मिळून सूप वाटत निघाली. नवरीच्या बहिणीने वाढायचं नसतं, ती पोरांची कामं, पण तिला कुणी अडवलं नाही. रांगेच्या टोकाला बसलेल्या तिच्या आत्याने वाटी घेता घेता तिचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “काय गं निंग्रुम, धाकटी गेली पुढे. तुझं कधी?”

हंदोको ट्रेकडे बघत राहिला.

“तीन वर्षांनी, आत्या,” निंग्रुम म्हणाली. “तुम्ही यायचं हं.”

आत्या हसली. तिला वाटलं, पोरगी थट्टा करतेय.