मुकी राखण

बिस्किटांच्या त्या कारखान्यात तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे तिला डबीवाली मॅडम म्हणायचे. आपण विद्यापीठात बिनतारी जाळ्यांवर संशोधन करतो, असं सांगून तिने ते नाव बदलायचा एकदा प्रयत्न केला होता. भट्टीमास्तरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे डबीवालीच की." तिने हात टेकले.

तसं मास्तरांचं चुकलं नव्हतंच. काड्यापेटीहून जराशा मोठ्या पांढऱ्या डब्या तिने कारखानाभर बसवून घेतल्या होत्या. पंख्यांवर, मोटारींवर, पीठ मळायच्या यंत्राच्या पाठीवर. प्रत्येक डबी आपल्या यंत्राचा ताप आणि थरथर मोजायची आणि तो निरोप शेजारच्या डबीला सांगायची. ती तिच्या शेजारणीला. असं करत करत निरोप ऑफिसातल्या मुख्य पेटीपाशी पोचायचा आणि तिथून विद्यापीठातल्या तिच्या पडद्यावर. गल्लीत बातमी पसरते तसंच, फक्त तिखटमीठ लावायला मनाई.

सांगायला सोपं, पण कारखाना म्हणजे जिकडेतिकडे लोखंड. ट्रॉल्या फिरतात, पत्र्यांवर लहरी आपटून भलतीकडे जातात, आत्ता ऐकू येणारी शेजारीण पुढच्या क्षणी बहिरी होते. अशा गोंधळात तातडीचा निरोप कुणाच्या हाती द्यायचा हे डबीने स्वतःच्या अकलेने ठरवायचं, आणि समोरून पोच आली नाही तर निरोप पोटात ठेवून पुन्हा प्रयत्न करायचा. ही अक्कल डबीला कशी द्यावी, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. त्या प्रबंधाच्या काळात तिची मुलगी बोलायला शिकली आणि उलट बोलायलाही शिकली. "कधी संपणार?" असं विचारणं नवऱ्याने कधीच सोडून दिलं होतं. त्याला ती समजूतदारपणा म्हणायची, पण मनातून तिला त्याची भीती वाटायची.

कारखान्याच्या मालकीणबाईंनी डब्या लावायला होकार दिला त्याला कारण होतं. आदल्या वर्षी मोठ्या भट्टीचा पंखा चालता चालता फुटला होता. आतलं बेअरिंग आधीच झिजलेलं, पण भट्टीच्या घरघरीत ते कुणाला कळावं? पात्याचा एक तुकडा उडाला आणि खाली काम करणाऱ्या पोराच्या खांद्यात घुसला. पोरगा वाचला, बरा झाला आणि पुन्हा त्याच भट्टीवर उभा राहिला. सफाईच्या तुकडीच्या मुख्य मावशी, त्या त्याच्या आई.

दर सोमवारी कारखाना अर्धा दिवस बंद ठेवून मावशींची तुकडी शिड्या लावायची आणि यंत्रांच्या माथ्यावर साचलेलं पीठ झाडायची. वर चढायची परवानगी फक्त त्यांनाच. त्यामुळे डब्या वर बसवायचं आणि राखायचं काम डबीवालीने मावशींच्याच हवाली केलं.

"नाजूक आहेत हो मावशी. धूळ, तेल लागू देऊ नका. सांभाळा."

"हे पंखा फुटायच्या आधी सांगणार ना?"

"त्यासाठीच आहेत."

मावशींनी एक डबी तळहातावर घेऊन बघितली. तान्ह्या बाळाचं डोकं सावरावं तशी. "निर्धास्त जा तुम्ही," त्या म्हणाल्या.

पहिले काही आठवडे सगळं इतकं सुरळीत चाललं की सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, तिला चक्क चहा पाजला. सर चहा पाजतात म्हणजे काय ते त्यांच्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. मग एका सोमवारनंतर चार-पाच डब्या अडखळायला लागल्या. निरोप येईनात, आले तर अर्धवट. पुढच्या सोमवारनंतर आणखी काही. ज्या बोलत होत्या त्यांच्यावर सगळ्यांचा भार पडून त्यांच्या बॅटऱ्या उतरायला लागल्या. ती प्रोग्राम उसवत बसली. लहरींची गणितं पुन्हा मांडली. कारखान्यात जाऊन खालून मान वर करकरून पाहिलं, तर यंत्रांच्या माथ्यावर काय आहे ते खालून कुणाला दिसतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी तिची गत होती. फक्त कळसा काखेत आहे हे तिला माहीत नव्हतं.

सोमवारचं आणि बिघाडाचं काही नातं आहे हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने मावशींना फोनही केला. "सफाई करताना डब्यांना पाणी तर लागत नाही ना?"

"थेंब लागू देत नाही मी," मावशी म्हणाल्या. तिच्या प्रश्नातले शब्द साधेच होते, पण मावशींना लागले असावेत. त्यापुढच्या सोमवारनंतर निम्म्याहून जास्त डब्या गप्प झाल्या.

सर म्हणाले, "कारखाना सोडून दे. संगणकावर खोटा कारखाना उभा कर, तो तरी सांगितलेलं ऐकतो." मालकीणबाईंनी बोलावून घेतलं आणि समोर खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच तिला कळलं.

"तुमच्यावर राग नाही," बाई म्हणाल्या. "पण माझी माणसं वर बघून म्हणतात, डबी आहे, काळजी नाही. आणि डबी तर बोलत नाही. राखण नसली तर माणूस निदान स्वतः सावध राहतो. मुकी राखण मला नको. गुरुवारी भट्टी थोडा वेळ थांबवते, काढून न्या."

डब्या काढायच्या म्हणजे प्रबंध गुंडाळायचा. खोट्या कारखान्यावर पदवी घ्यायला तिचं मन घेत नव्हतं, आणि खऱ्यासाठी दुसरं दार उरलं नव्हतं.

गुरुवारी ती रिकामी पेटी घेऊन आली. मावशींना त्या दिवशी गोदामात काम होतं, म्हणून मास्तरांनी स्वतः शिडी धरली. "सांभाळून, मॅडम. वरून डबी पडली तर चालेल, डबीवाली नको." ती कसंनुसं हसली आणि मोठ्या भट्टीच्या पंख्यापर्यंत चढली.

वर डबी नव्हती. डबीच्या जागी एक चकचकीत चंदेरी गोळा होता.

तिला आधी काही उमगेना. मग तिने बोट लावलं आणि ओळखलं. चॉकलेटच्या बिस्किटांना आतून गुंडाळतात तो ॲल्युमिनियमचा कागद. एकावर एक थर, कडा दुमडलेल्या, कोपरे नखाने दाबून बसवलेले. वर धुळीचा कण नाही. शेजारच्या मोटारीवरही तसाच गोळा, पण पातळ. पलीकडेही. पंख्यावरचा सगळ्यात जाड. कुणीतरी त्या डब्यांना धूळ लागू नये म्हणून इतकं निगुतीने झाकलं होतं, की त्यांचा शब्दही बाहेर पडू नये. धातूच्या कागदातून लहरी जात नाहीत, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण ते मावशींना सांगायचं कुणाच्या लक्षात आलं होतं? "सांभाळा" एवढंच सांगून ती निर्धास्त निघून गेली होती.

शिडीवर उभ्या उभ्या तिला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही. राग आला नाही असं नाही. पण तो त्या नीट दुमडलेल्या कडांपाशी येऊन थांबला, पुढे सरकेना. तिने कागद सोलून काढला.

खाली उतरून तिने लॅपटॉप उघडला तो सवयीने. पंख्यावरची डबी बोलायला लागली होती. साधंसुधं बोलत नव्हती, पोटात साठवलेलं सगळं एकदम ओकत होती. सोमवारपासूनचे निरोप, एकामागून एक, आणि प्रत्येकावर तातडीची खूण. पडद्यावरची थरथरीची रेघ रोज थोडी वर चढत गेलेली. आज सकाळची रेघ तर चौकटीबाहेर.

"मास्तर, भट्टी सुरू करू नका."

"का?"

"पंखा उघडायला लागेल."

मास्तरांनी वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, सकाळी मी स्वतः ऐकलाय. ठणठणीत आहे."

मालकीणबाई आल्या. पंखा उघडायचा म्हणजे दिवसभराचं काम बुडालं आणि मळून ठेवलेलं पीठ वाया. "ज्या डब्या बोलत नाहीत म्हणून आज काढायला आलात," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांच्या शब्दावर मी भट्टी बंद ठेवू?"

डबीचं चुकत असेल तर? इतके दिवस गुदमरलेली डबी, बॅटरी उतरलेली. पण आकडे तिने पुन्हा पाहिले, आणि ती डबी तिनेच घडवलेली होती. "ठेवा," ती म्हणाली. "आत काही निघालं नाही तर माझं नावही पुन्हा काढू नका. पण आज त्या पंख्याखाली कुणाला उभं करू नका."

बाई मागे वळल्या. "उघडा," त्या मास्तरांना म्हणाल्या.

मेकॅनिकने झाकण उतरवलं, दांडा मोकळा केला आणि बेअरिंग बाहेर काढलं. काढलं कसलं, ते त्याच्या हातात सुटंच झालं. कडी तडकलेली, आतल्या पोलादी गोळ्या घरंगळून फरशीवर गेल्या. मास्तर खाली बसले आणि एकेक गोळी वेचायला लागले. वेचून झाल्यावर त्यांनी तिच्यासमोर हात जोडले, आणि कुठे पाहावं ते तिला कळेना.

"डब्या राहू द्या," मालकीणबाई म्हणाल्या. मग जाता जाता वळल्या. "आणि बाई, उपकार झाले तुमचे."

बातमी गोदामात तिच्याआधी पोचली होती, कागदासकट. मावशी रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. ती समोर जाऊन खाली बसली.

"पंख्यावरच्या डबीला मी सगळ्यात जास्त गुंडाळलं," मावशी म्हणाल्या. "खाली माझा पोरगा असतो म्हणून. तुम्ही फोन केलात, पाणी लागतं का विचारलंत, तेव्हा आणखी दोन थर दिले."

"माहीत आहे. पाहिलं मी."

"कागदाने काय होतं?"

समजावून सांगण्यापेक्षा तिने आपला मोबाईल पोत्यावर पडलेल्या चंदेरी कागदात गुंडाळला, चहूबाजूंनी दाबला. "लावा मला फोन." मावशींनी लावला. पलीकडची बाई म्हणाली, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. मावशींनी हातभरावरच्या त्या गोळ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात नेला.

"म्हणजे ती ओरडत होती, आणि मीच तिचं तोंड बांधलं. पोटच्या पोरावर पंखा पाडत होते मी."

"तुम्ही नाही. कशाने झाकायचं नाही ते सांगायला हवं होतं, ते काम माझं होतं. माझं ऐका मावशी." ती मावशींच्या आणखी जवळ सरकली. "इतकी वर्षं मी या डब्या घेऊन हिंडतेय. मोठमोठ्या परिषदांना गेले. लोकांनी चुका काढल्या, आकडे मागितले. घरी, विद्यापीठात सगळे एकच विचारतात, संपलं का? डबीला धूळ लागली का, हे आजवर कुणी विचारलं नाही. तुम्ही दर सोमवारी शिडी चढून एकेक पुसलीत. तिथे वर धुळीचा कण नाही. कागद काढल्याबरोबर ती बोलली, ती तुम्ही इतकी नीट राखली म्हणून बोलली. दुसऱ्या कारखान्यात एवढ्यात पीठ खाऊन मेली असती. मी तुमचे आभार मानायला आलेय, आणि ते मला धड जमत नाहीये."

मावशींनी तिचं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. हात खरखरीत होता आणि गार पडला होता.

"मग आता धूळ नाही का बसणार?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बसेल. पण कापडातून आवाज जातो. कापडाने झाका."

"जुनी पोती आहेत ढीगभर. टोपडी शिवते." मावशींनी नाक पुसलं. "पण सोमवारी तुम्ही यायचं. मी वर चढणार, तुम्ही खालून सांगायचं, हे बरोबर की नाही."

"मीच चढते तुमच्याबरोबर."

"शिडी धड चढता येते का?"

"आज चढले की."

"मास्तर म्हणाले मला, कशा चढलात ते."

तेवढ्यात दारात मावशींचा पोरगा उभा राहिला. कोपरापर्यंत पीठ, एक खांदा जरा वाकडा. झाल्या प्रकाराचं सगळं त्याच्या कानावर गेलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"आई, भट्टी आज बंद. मास्तरांनी सोडलंय," तो म्हणाला. "तू जेवली नाहीस अजून. डबा तसाच आहे."

मावशी उठल्या. त्याच्यापाशी गेल्या आणि त्या वाकड्या खांद्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. तो अवघडला, पण बाजूला झाला नाही. आईच्या डोक्यावरून त्याने डबीवालीकडे पाहिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्हीपण सकाळपासून उपाशीच असाल. चला, तिघांना पुरेल."