झाकणभर पाणी

चवळीची रोपं पाण्यावाचून माना टाकायला लागली की त्यांना गुण द्यायचे, हे तिचं त्या दिवसांतलं काम होतं. पान ताठ असेल तर एक, कडा वळल्या तर तीन, मान पडली तर पाच, खोड वाकलं तर सात आणि काडीसारखं वाळलं की नऊ. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उलटीच शाळा आहे तुमची. नापास होईल त्याला जास्त गुण."

परदेशातल्या या कृषी विद्यापीठात ती एका वर्षासाठी आली होती. इथली एक विद्यार्थिनी तिकडे तिच्या जागी, आणि तिथली ही इकडे. निवड झाल्याचं कळलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "म्हणजे साटंलोटंच झालं की. बघ, ती मुलगी चांगली निघायची आणि आम्ही तिलाच ठेवून घ्यायचो." तेवढं म्हणून ते हसले, आणि ती निघायच्या आधीच गेले. मग जायचं की नाही, यावर घरात खल झाला. आई अंथरुणातून उठत नव्हती. भाऊ म्हणाला, "ताई, तू जा, आणि आईलाही घेऊन जा. तिथे निदान कुणी समजूत घालायला तरी येणार नाही."

ते मात्र खरं निघालं. इथे कुणीच येत नव्हतं. एक खोली, दोन पलंग, कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा आणि गाड्या लावायच्या जागेवर उघडणारी खिडकी. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लेक सकाळी पोळ्या लाटून कामाला जायची, संध्याकाळी आली की त्यातल्या बऱ्याचशा तशाच असायच्या. त्या टाकून देताना तिला रागही यायचा नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं. तिचा थकवा असा होता की झोपून उठलं तरी तो आपला उशाशी बसलेलाच.

एक दिवस खोलीतला हीटर बंद पडला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. दुरुस्तीवाला येईपर्यंत आईला कुठे ठेवायचं, म्हणून ती तिला हरितगृहात घेऊन आली. काचेचं लांबट घर, आत उबदार हवा, चार टेबलांवर ओळीने मांडलेल्या कुंड्या. शेवटच्या टेबलाशी एक क्रेट पालथं घालून तिने आईला बसवलं. थोड्या वेळाने मागे वळून बघते तो आईने अंगावरची शाल काढून घडी करून मांडीवर ठेवली होती. बाबा गेल्यापासून ती शाल अंगावरून उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हीटर सुरू झाला. तरी आई अंघोळ करून, वेणी घालून, बूट चढवून दारात उभी.

"खोलीत ऊब आहे आता, आई."

"असू दे. तिथे तुझं काम तरी दिसतं."

मग ते रोजचंच झालं. आईने तिथल्या माणसांना टोपणनावंही पाडून टाकली. सारखं मनगटाकडे बघणाऱ्या प्राध्यापिका म्हणजे घड्याळबाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवून हरितगृहाची देखभाल करणारा उंच माणूस म्हणजे किल्लीवाला. पाहुण्यांना आत बसू द्यायचा नियम नव्हता. पण घड्याळबाईंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून त्या निघून गेल्या.

"यांना पाणी का घालत नाहीस?" आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"कुठलं वाण तग धरतं ते बघायचंय. पाऊस ओढ देतो तिथे पेरायला उपयोगी पडेल."

"आणि जे तग धरणार नाही?"

"ते कळतंच की."

लेकीला पुढे सांगायचं होतं बरंच. पण बोलण्याचा कंटाळा आला होता, म्हणून तिने नुसती पुढची कुंडी वजनाला घेतली.

जेवण तसंच राहत असलं, तरी आईसाठी भरून आणलेली पाण्याची बाटली मात्र रोज रिकामी व्हायची. चला, पाणी तरी पोटात जातंय, एवढ्यावर तिने समाधान मानून घेतलं.

रोज सकाळी प्रत्येक कुंडीचं वजन करायचं असे. पाणी उडून जातं तसं वजन उतरतं, आणि ते किती उतरलं यावर सगळा प्रयोग उभा. पहिली तीन टेबलं ठरल्याप्रमाणे हलकी होत होती. चौथ्यावरच्या कुंड्यांचं वजन मात्र होतं तिथेच. आधी तिने वजनकाट्यावर संशय घेतला. ठरावीक वजनाचं माप ठेवून पाहिलं, काटा बरोबर होता. मग तिने घड्याळबाईंना बोलावलं.

"ठिबक सिंचनाची तोटी गळत असणार," त्या म्हणाल्या आणि त्यांनी किल्लीवाल्याला हाक मारली.

"मी माझ्या हाताने बंद केलीये," तो म्हणाला.

"मग पाणी काय काचेतून झिरपलं? उद्या सगळी नळी उघडून दाखवा. तुमच्या साहेबांनाही मी कळवते."

त्याचं तोंड एवढंसं झालं. जुडगा हातात घट्ट धरून, आवाज न करता तो निघून गेला. आईला त्यांची भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण ती सगळ्यांकडे बघत होती. मग तिने बाटलीचं झाकण शालीला पुसलं, फिरवून लावलं आणि बाटली पिशवीत टाकली. सकाळची वेळ, आणि बाटली निम्मी रिकामी.

खोलीवर परतल्यावर लेकीने भाजी चिरायला घेतली आणि सुरीवरून नजर न काढता म्हणाली, "आई, तू पाणी घातलंस."

"घातलं."

"अगं, का?"

"झाकणभरच घालायचे एकेकाला. घागरी नाही ओतल्या."

"माझं वर्ष आहे त्यात. याच्यावरच सगळं लिहायचंय मला. आणि तो किल्लीवाला, त्याला फुकट बोलणी बसली."

"तरीच. तोंड बघून वाटलंच मला." आई पलंगाच्या कडेवर बसली. "त्याला सांग, मी घातलं म्हणून."

"सांगितलं की तुला आत येऊ देणार नाहीत."

"नाही तर नाही."

आईने हे इतक्या सहज म्हटलं, की सुरी हातातच थांबली. आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजणार, हे तिला स्पष्ट दिसलं.

"तू गुण देऊन पुढे जायचीस," आई म्हणाली. "मी आपली त्यांच्यासमोर बसलेली. हातात भरलेली बाटली. किती वेळ नुसतं बसायचं माणसानं?"

"ती रोपं आहेत, आई."

"मला माहीत आहे. वेड नाही लागलेलं मला." आईने शाल मांडीवर ओढली. "हे शेवटी पाणी मागत होते. मी चमचा भरला होता. तू माझा हात धरलास."

"डॉक्टर नको म्हणाले होते. ठसका लागला असता."

"हो गं. बरोबरच केलंस. मी कुठे काय म्हणतेय? पण चमचा भरलेला होता ना. तो मी बेसिनमध्ये ओतला."

भाजी चिरायची राहून गेली. ती आईशेजारी जाऊन बसली. दोघींनाही रडू आलं नाही. दोघीही त्याच्या पलीकडे दमल्या होत्या. मग ती म्हणाली, "रोपांना शेवटी पाणी द्यायचंच असतं."

"म्हणजे?"

"पुरती सुकली की एकदा सगळ्यांना पाणी द्यायचं. मग कुठली पुन्हा फुटतात ते मोजायचं. तोही प्रयोगाचाच भाग आहे."

आईने तिच्याकडे वळून पाहिलं. "मग हे आधी नाही का सांगायचंस?"

तिने अर्धी चिरलेली भाजी झाकून ठेवली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिच्याही मनात येऊन गेलं. तोटी बदलली असती, चौथं टेबल गळतीच्या नावावर खपलं असतं, आणि आई क्रेटवर तशीच बसली असती. पण किल्लीवाल्याचा तो न वाजणारा जुडगा डोळ्यांपुढून हलेना. सकाळी नळी उघडण्याआधीच तिने घड्याळबाईंना गाठून सगळं सांगितलं. आईचं, बाबांचं, चमच्याचंही. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलेलं सगळंच.

बाईंनी ऐकून घेतलं. घड्याळाकडे मात्र पाहिलं नाही. "तीन टेबलांवर निष्कर्ष लंगडा पडेल," त्या म्हणाल्या. "नव्याने पेरलंस तर जेमतेम वेळ पुरेल. पण पहिल्यापासून सगळं करावं लागेल. जमेल?"

जमेल असं तिला मुळीच वाटत नव्हतं. "जमेल," ती म्हणाली. "आईला येऊ द्याल?"

"बाटली बाहेर ठेवून."

किल्लीवाल्याची तिने माफी मागितली. तो म्हणाला, "माझ्या साहेबांचीही मागा," आणि ते तिला करावंच लागलं. नंतर काही दिवस तो तिच्याशी बोलला नाही. आईशी मात्र त्याचं जमलं. दारात आली की आई आपणहून पिशवी उघडून त्याच्यासमोर धरायची. "घ्या झडती," मराठीतच म्हणायची. तो वाकून आत बघायचा, गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचा, आणि दार उघडायचा.

पुन्हा पेरणी झाली. पुन्हा उगवण, पुन्हा पाणी बंद, पुन्हा वजनं. ती इतकी दमली की संध्याकाळी बूट न काढताच पलंगावर झोपून जायची. आईने खोलीतला स्वयंपाक आपल्याकडे घेतला. मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. रोपांनी माना टाकल्या तेव्हा एकदा आई उठून बाहेर गेली आणि काचेपलीकडच्या थंडीत शाल लपेटून उभी राहिली. थोड्या वेळाने आत येऊन आपल्या जागी बसली. हात मांडीखाली दाबून.

पाणी द्यायचा दिवस आला. तिने मापाचं भांडं आईच्या हातात दिलं.

"मी?"

"सगळ्यांना सारखं. खुणेपर्यंत भरायचं, एका कुंडीला एक भांडं."

आई एकेक कुंडी करत निघाली. ओतताना दुसरा हात खाली धरायची, थेंब सांडू नये म्हणून. चौथ्या टेबलाच्या टोकाशी नऊ गुणांची ओळ होती. नुसत्या काड्या.

"हे तर गेलेलंच आहे," आई म्हणाली. "यालाही?"

"त्यालाही. नियमच आहे तसा."

आईने भांडं खुणेपर्यंत भरलं आणि हळूहळू ओतलं. वाळून दगड झालेली माती पाणी लगेच घेत नाही. ते वर तसंच उभं राहिलं. आई वाकून बघत राहिली, आणि तीही हातातलं काम टाकून तिच्या मागे येऊन थांबली. मग कडेला एक बुडबुडा आला, आणि पाणी खाली उतरायला लागलं.

"घेतलं," आई म्हणाली, आणि तिने पुढच्या कुंडीसाठी भांडं भरलं.