टाकून दिलेल्या सूचनांचा आकडा

मी एक जुना राउटर आहे. रंगाच्या कारखान्यात, जिन्याखालच्या पत्र्याच्या कपाटात माझा मुक्काम आहे. मित्रांनो, माझे हिरवे दिवे पाहून तुम्ही म्हणाल, 'बरं चाललंय की याचं!' त्या दिव्यांवर जाऊ नका.

माझं काम सूचना पोचवण्याचं. नियंत्रण कक्षातून एकच सूचना निघते आणि लहान लहान तुकड्यांनी माझ्याकडे येते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. ज्या ज्या खोलीला ती ऐकायची असेल, तिच्यासाठी मी एकेक प्रत काढून धाडतो आणि तीन आकडे ठेवतो: किती पॅकेट आली, किती पुढे गेली, किती टाकून दिली.

सूचना ठरलेल्या दारानेच, म्हणजे तार खोचायच्या ठरलेल्या खाचेतूनच आली पाहिजे, असा नियम आहे. भलत्या दाराने आलेली घेतली, तर तीच तीच सूचना गरगर फिरत राहील आणि सगळ्या वाटा तुंबतील. म्हणून ती मी टाकून देतो.

मला बसवणाऱ्या तारवाल्या काकांनीच हे दार मला लिहून दिलं होतं. दर सोमवारी चाचणीची सूचना झाली, की ते चष्मा कपाळावरून खाली ओढत, तिन्ही आकडे वाचत आणि म्हणत, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" ते निवृत्त झाले, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

त्यांच्या जागी आलेला इंजिनिअर हुशार, पण उतावळा. तारांचा गुंता आवरताना त्याने नियंत्रण कक्षाची तार दुसऱ्या दारातून काढून चौथ्यात खोचली. फोन आणि संगणकांसाठी नवी वाट लिहिली. सूचनांसाठी लिहिलेलं दार बदलायचं मात्र राहून गेलं. तेव्हापासून प्रत्येक सूचना येई आणि मी ती टाकून देई.

त्याची थोरली बहीण वरच्या मजल्यावर पॅकिंग सांभाळते. ती एकदा कपाटापाशी आली.

"अरे, तीन सोमवार झाले, आमचा स्पीकर मुका आहे."

"आवाज कमी केला असेल कुणीतरी. हे बघ ताई, आकडा वाढतोय. येतंय सगळं."

"येतंय रे, पण पोचतंय का?"

"तू पण ना! बघतो गं उद्या."

त्याने पहिलाच आकडा पाहिला होता. तिसरा अहवालात लाल दिसे, म्हणून अहवाल काढण्याआधी तो सगळे आकडे शून्य करी. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्याचा तो 'उद्या' काही उजाडला नाही.

आज सोमवार नव्हता, तरी सकाळी अकराला सूचना आली. 'रसायनाची टाकी फुटली आहे. वरचा मजला ताबडतोब रिकामा करा.' माझा जीव कासावीस झाला, पण नियम मोडण्याचं बळ माझ्यात नाही. मी ती टाकली. पुन्हा आली, पुन्हा टाकली.

वरून कुणीच उतरेना, तेव्हा इंजिनिअर धावत माझ्याकडे आला. आली दोनशे, पुढे गेली शून्य, टाकून दिली दोनशे. या वेळी त्याने तिन्ही आकडे वाचले. "ताई!" एवढंच ओरडून तो जिना चढला.

थोड्या वेळाने खोकत, तोंडावर रुमाल धरून बायका उतरल्या. शेवटी ताई आली.

"माझा भाऊ कुठाय? पुढेच होता ना?"

"मागच्या खोलीत कुणी राहिलंय का बघतो म्हणाला," एकजण म्हणाली.

मित्रांनो, लाल आकडा पुसण्याआधी एकदा वाचत जा, एवढंच माझं मागणं आहे. ताई जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी आहे. वरून अजून कुणी उतरलेलं नाही.