दोन आणि तीनच्या मधली वीत

मी टेप बोलतोय. गाणी वाजवणारा नव्हे, माती मोजणारा. कापडी अंग, चामड्याचं घर आणि पोटात गुंडाळलेले पंधरा मीटर.

१९७९ साली नाशिकच्या दुकानातून सरकारनं मला उचललं आणि हरसूलकडे रोजगार हमीच्या पाझर तलावावर धाडलं. तिथला नियम सोपा होता. जितकी माती खणाल, तितकी मजुरी. किती खणली ते मी सांगणार. घाम बायांचा, पण भाकरी केवढी ते माझ्या आकड्यांवर. मला याचा भारी तोरा होता.

माझा ताबा भिकन मुकादमाकडे. एकदा बैलगाडी अंगावरून गेली आणि मी दोन आणि तीनच्या मधे तुटलो. भिकननं मला शिवलं, पण मधे वीतभर कापड जादा घातलं आणि वर लाल माती चोळली. झालं, मी खोटारडा झालो. तीन मीटर आणि वीतभर खड्डा मी नुसता तीनचा सांगू लागलो. लांबीतही, रुंदीतही. गिळलेली माती भिकन कागदावरच्या मजुरांच्या नावे लावायचा. फार गुणी मजूर ते, कधी प्यायला पाणीसुद्धा मागत नसत.

कामावरची लंकाबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात आकडे शिकत होती. शेजारच्या खड्ड्यावरची नवसाबाई तिला डिवचायची, "तलाठी व्हतीस का आता?"

"तलाठी नाय. आपली भाकर मोजता आली तरी लय झालं."

एका दुपारी भिकन पळसाखाली घोरत असताना तिनं मला ओढून बाहेर काढलं. माझ्या टोकापासून एकच्या आकड्यापर्यंत मापून बांबूची काठी तोडली. एक ते दोन, काठी बरोबर बसली. दोन ते तीन, काठी संपली आणि वीत उरली. मला चामड्यात तोंड लपवावंसं वाटलं.

शनिवारी मोजणी झाली. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता ठेवतात, खोली कळावी म्हणून. तो पाडला की पुन्हा मोजणी नाही. भिकन म्हणाला, "पाडा खुंट."

लंकाबाई खुंटावरच बसली. "मुकादम, दोन आन् तीनच्या मधी कोन ऱ्हातं?"

"म्हंजे?"

"येक ते दोन माझी काठी पुरती. दोन ते तीन काठी सरती, वीत उरती. तिथं कुनाचा संसार हाय?"

"लिवता येईना आन् मला मोजणी शिकवती."

"लिवता नाय येत. काठी हाय."

नवसाबाई आपल्या खुंटावर बसली. मग सगळ्याच बाया, अंड्यांवर कोंबड्या बसाव्यात तशा. बातमी तालुक्याला गेली. दुसऱ्या दिवशी तिथला साहेब जीपमधून पोलादी टेप घेऊन आला, तेव्हाच उठल्या.

त्या आठवड्याची माती परत मिळाली. आधीच्या अकरा आठवड्यांची तलावाच्या बांधात गेली, ती कुणी भरून दिली नाही. भिकनची बदली झाली. आपल्याकडे तिला शिक्षा म्हणतात.

साहेबानं मला फेकलं, लंकाबाईनं उचललं. खोटी वीत कापून मला नीट शिवलं. त्या कापडाची तिनं कंदिलाला वात केली. वर्ग आता तिच्याच ओट्यावर भरतो आणि आकडे शिकवायला मी असतो.

तेव्हा तुमच्या घामाचं माप दुसऱ्याच्या हाती असेल, तर बाबांनो, एक काठी तोडून ठेवा. कामावरच्या नव्या टेपलाही लंकाबाई दर शनिवारी आधी काठी लावते. नवा मुकादम चिडतो, "सरकारी टेपवर इश्वास नाय का तुझा?"

"हाय की," ती म्हणते. "धर टोक."