नृसिंह सरांचा भोपळा

नृसिंह सरांनी उभी हयात गणित शिकवलं आणि मुलांना सढळ हातानं एकच गोष्ट दिली, ती म्हणजे भोपळा. उत्तर बरोबर असलं तरी रीत चुकली की पेपरावर लाल शाईनं गरगरीत शून्य. सावेडीतल्या निम्म्या घरांत त्यांचा एकेक भोपळा अजून आठवणीत आहे. निवृत्तीनंतर देण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी खरा लावला.

त्याला कारण मागच्या गल्लीतले कारकून काकासाहेब. गेल्या साली शेती प्रदर्शनात सगळ्यांत मोठ्या भोपळ्याचं बक्षीस त्यांनी मारलं आणि भोपळ्याशेजारी बसून पेपरात फोटो छापून आणला. फोटोत काकासाहेब कोणते, हे मला जरा वेळानं कळलं. सरांना मात्र लगेच झोंबलं.

"कारकुनाला जमतं? मग यंदा बक्षीस या घरात! लिहून ठेवा," असं त्यांनी अख्ख्या कॉलनीला बजावलं. मी लिहून नाही, पण ध्यानात ठेवलं.

परस म्हणजे टाकी, कपड्यांची दोरी आणि दोन खाटा मावतील एवढी माती. त्यात शेणखत आलं ते थेट घोडेगावच्या गुरांच्या बाजारातून, कारण इथल्या म्हशींवर सरांचा भरवसा नव्हता. वेलावर एकच फळ ठेवून बाकीची खुडली. त्याच्याखाली पेंढ्याची गादी आणि वर सावलीला बायकोची, म्हणजे सरोजिनीबाईंची साडी. जुनी नव्हे, चांगली.

हे सगळं मी शेजारच्या माझ्या गच्चीवरून बघत होतो. आमच्यामधली भिंत सरांनीच वाढवली होती, माझ्या पेरूची पानं त्यांच्याकडं पडतात म्हणून. तेव्हा ते म्हणाले होते, "तुमच्याकडं काही मागायला येणार नाही!" तो शब्द त्यांनी पाळला होता. गच्चीवरच्या गप्पा त्यात धरलेल्या नव्हत्या.

फळ फुगायला लागलं तशी बघ्यांची ये-जा सुरू झाली. सरोजिनीबाईंनी ताकीद दिली, "वाढत्या फळाला बोट दाखवायचं नाही आणि टेप लावायची नाही. नजर लागते." असल्या गोष्टींना सर स्टाफरूममध्ये पोट धरून हसायचे. आता मात्र आलेल्याला आधी बोट दुमडायला लावायचे.

"माझा विश्वास नाही हो. पण उगाच कशाला?"

मी वरून विचारलं, "सर, घेर किती भरेल?"

"मोजायचा नाही."

"अहो, तुम्ही गणिताचे..."

"गणित वेगळं, भोपळा वेगळा!"

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बजरंग टेम्पोवाला दोन गडी घेऊन आला. देठ कापला, गोणपाटाच्या झोळीत भोपळा उचलला आणि घराच्या कडेच्या बोळापर्यंत आणला. परसातून बाहेर पडायला तेवढीच वाट. तिथं भोपळा थांबला. आत शिरेचना.

"आडवा करा!" सर ओरडले.

"गोल हाय सर," बजरंग म्हणाला. "आडवा काय न् उभा काय."

सरांनी तेव्हा पहिल्यांदा टेप काढली. बोळ मोजला, भोपळा मोजला, पुन्हा बोळ मोजला. दुसऱ्या मोजणीनंही बोळ रुंद झाला नाही.

बजरंगानं भिंतीवरून डोकावून पाहिलं. "हिकडनं वरनं देऊ की. पल्याड लई मोकळं हाय, मोठं फाटक हाय."

पल्याड मी. सगळ्यांनी गच्चीकडं बघितलं. माझ्या हातात चहा होता.

"काही लागलं तर सांगा, सर."

"काही लागत नाही!"

"बरं."

"अहो, एक शब्द बोला," सरोजिनीबाई म्हणाल्या. "ते नाही म्हणायचे नाहीत."

खरंच नसतो म्हणालो. फक्त तो एक शब्द ऐकायचा होता. सरांनी माझ्याकडं बघितलं, भोपळ्याकडं बघितलं, तोंड उघडलं. मी कप खाली ठेवला.

"कोयता आण," ते म्हणाले, पण बायकोला.

बाईंनी कोयता आणून त्यांच्याच पुढं धरला. "घाला. अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बाई घालत नाही."

सरांनी फळावर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि मग घाव घातला.

दोन्ही फाका बोळातून सुखरूप गेल्या. टेम्पोत त्या पुन्हा जुळवून दोरीनं आवळल्या. मी स्कूटरवर मागोमाग गेलो. शेजारधर्म म्हणून.

काट्यावर हनुमंत होता, सरांचाच जुना विद्यार्थी. त्यानं दोरी बघितली.

"सर, अखंड फळ पाहिजे."

"अरे, वजन तेवढंच भरतं! दोन्हींची बेरीज कर!"

"उत्तर बरोबर आहे सर," हनुमंत नम्रपणे म्हणाला. "रीत चुकली." आणि नावापुढं त्यानं गोल गरगरीत शून्य काढलं. वळण थेट सरांच्या हातचं.

बक्षीस पुन्हा काकासाहेबांना. त्यांचा भोपळा सरांच्या एका फाकेएवढा होता, पण अखंड होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलनीत भोपळ्याच्या घाऱ्या वाटल्या गेल्या. माझी ताटली भिंतीवरून आली, आणि धरणारा हात सरांचा होता. घाऱ्या उत्तम होत्या. रिकामी ताटली परत कशी द्यायची, म्हणून मी चार पेरू तोडून ठेवले.

"तुमच्या झाडाचे?" भिंतीमागून आवाज आला.

"हो."

मग चावल्याचा आवाज.

"गोड आहेत. पानं मात्र तुमच्याकडंच ठेवा."